शिकार परवाना शुल्क

ठरावीक हंगामात ठरावीक वन्यप्राणी मारण्याची मुभा देताना सरकार शिकाऱ्याकडून जी रक्कम घेते, तिला शिकार परवाना शुल्क म्हणतात. जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे बहुधा दोन दर असतात : स्थानिकाला कमी, बाहेरून येणाऱ्याला कितीतरी जास्त. या पैशातून प्राण्यांची गणना, कुरणांची राखण आणि रक्षकांचे पगार भागवले जातात. महाराष्ट्रात आज हौसेच्या शिकारीला परवाना मिळत नाही. पण वन्यजीव सांभाळण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा या शुल्कामागचा प्रश्न इथेही सुटलेला नाही.

बाहेरच्याचा दर. या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील मोंटाना राज्याचे आहे. 1976 मध्ये तिथल्या रहिवाशाला एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना 9 डॉलरला मिळे. बाहेरच्या राज्यातील शिकाऱ्याला मात्र अनेक प्राण्यांचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे आणि त्यासाठी 225 डॉलर मोजावे लागत. एक वाटाड्या आणि काही परराज्यातील शिकारी या भेदभावाविरुद्ध न्यायालयात गेले. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोंटानाच्या बाजूने कौल दिला : हौसेची शिकार हा मूलभूत हक्क नाही आणि वर्षभर कळप सांभाळणाऱ्या राज्याने पाहुण्याकडून जास्त घेणे गैर नाही. अमेरिकेत परवाना शुल्काला आणखी दोन उत्पन्नांची जोड आहे. 1934 पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला खास तिकीट विकत घ्यावे लागते आणि 1937 च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला आहे.

पाकिस्तानच्या प्रशासनाखालील गिलगिट-बाल्टिस्तानात मारखोर या रानबकऱ्याचे मोजके परवाने लिलावात निघतात. ते बहुतेक परदेशी शिकारी घेतात आणि रकमेतील 80 टक्के वाटा त्या डोंगरातल्या गावांना मिळतो.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्यप्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला, तेव्हा शिकार परवान्यानेच होत असे. त्याच दशकात नागपूर हे परदेशी शिकाऱ्यांचे मोठे ठाणे बनले. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी तिथे ‘ऑल्विन कूपर’ ही कंपनी काढली. मध्य भारतातील जंगलांत शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या मोहिमा नेणे हा तिचा व्यवसाय होता. जंगलाचे ‘शिकार ब्लॉक’ ठरावीक दिवसांसाठी आरक्षित होत. तंबू, हाकारे, मचाण, कातडे कमावण्याची सोय असे सगळे पाहुण्याच्या दिमतीला असे. देशाला परकीय चलन मिळे, पण वाघ कमी होत गेले. अखेर 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली.

1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानेही परवाना लगेच मोडीत काढला नव्हता. मूळ कायद्यात विशेष, मोठ्या आणि लहान शिकारीचे वेगवेगळे परवाने होते, शिवाय प्राणी पकडण्याचाही होता. 1991 च्या दुरुस्तीने ते संपले.

या इतिहासाची दुसरी बाजू पारध्यांची आहे. फासे लावून तित्तर, ससे, हरणे धरणारा हा समाज माळरानाचा जाणकार. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यातील अनेकांवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का बसला. तो कायदा 1952 मध्ये गेला, संशय मात्र गेला नाही. पैसे भरून येणाऱ्या पाहुण्याची शिकार हौस ठरली आणि पोटासाठी फासे लावणाऱ्याची चोरी. शुल्काच्या पद्धतीचा हिशेब मांडताना हा अन्याय वगळता येत नाही.

माळरानाचा हिशेब. हा खर्च आज कोण सोसतो, हे पाहण्यासाठी जांब समर्थ (ता. घनसावंगी, जि. जालना) या समर्थ रामदासांच्या जन्मगावाचा परिसर घेऊ. जिल्ह्यात जंगल अत्यल्प आहे. शिवार कापूस, सोयाबीन, तूर, ऊस आणि मोसंबीचे. अशा मुलखात वन्यप्राण्याला आडोसा मिळतो तो उभ्या पिकाचा, आणि चाराही तोच.

मराठवाड्यात काळवीट कोवळे सोयाबीन शेंड्यापासून खुडतात. रोही म्हणजे नीलगाई कुंपण उडी मारून ओलांडतात. रानडुकरे मका आडवा करतात आणि भुईमूग उकरतात. शेतकरी बांधावर जुन्या साड्या बांधतो, झटका मशीन बसवतो, माळ्यावर बसून डबे वाजवत जागल करतो. रात्रभर जागलेला तोच माणूस सकाळी खुरपणीला किंवा फवारणीला उभा राहतो. या श्रमाची नोंद वन्यजीव संरक्षणाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात नसते, आणि ती व्हायलाच हवी.

नुकसान झाल्यास वन विभागाकडे तक्रार करायची, पंचनामा होतो आणि भरपाई राज्याच्या तिजोरीतून मिळते. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रोही व रानडुकरांच्या पारधीसाठी 2015 मध्ये राज्य सरकारने परवानगीची पद्धत सोपी केली. ही परवानगी नुकसान थांबवण्यापुरती असते. मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे.

परराज्यातला शिकारी महाराष्ट्रात आजही येतो, पण सरकारच्या बोलावण्यावरून. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या टी-1 उर्फ अवनी वाघिणीविरुद्धच्या मोहिमेत हैदराबादच्या शिकाऱ्यांना पाचारण केले होते. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती मारली गेली आणि त्यावरून देशभर वाद पेटला.

शुल्काचे आजचे रूप. बाहेरच्या पाहुण्याकडून पैसा घेऊन वन्यजीव सांभाळण्याची कल्पना महाराष्ट्रात संपलेली नाही. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला आहे. कायद्यातील 2006 च्या दुरुस्तीनंतर व्याघ्रप्रकल्पांसाठी प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि ताडोबासारख्या ठिकाणी पर्यटकांचे प्रवेशशुल्क त्यांच्याकडे जमा होऊ लागले. त्यातून जंगलालगतच्या गावांनाही काम आणि निधी मिळतो.

माळरानाला असे प्रवेशद्वारच नाही. काळविटांसाठी 1980 मध्ये घोषित झालेले कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य अवघे 2.17 चौरस किलोमीटरचे आहे. राज्यातली बाकीची बरीचशी काळविटे खासगी शेतात, पडीक रानात आणि गायरानात चरतात. तिथे तिकीट नाही, जीप नाही, प्रतिष्ठान नाही. म्हणून शिकार पुन्हा सुरू न करताही या शुल्कामागचे तत्त्व इथे लागू करणे न्याय्य ठरेल : वाघाच्या प्रवेशद्वारावर जमणाऱ्या पैशातला काही वाटा जालना, बीड, परभणीच्या माळांकडे वळवायचा, त्यातून सामूहिक कुंपणे घालायची, गायराने राखायची आणि प्राण्यांच्या हालचाली टिपण्याचे पगारी काम जाणकार पारधी तरुणांना द्यायचे.