मंडईतल्या हमालाचा मालक कोण? असंघटित कामगारांची युनियन बांधणं अवघड का, आणि पुण्यात ते कसं जमलं

पुणे : तालुक्यातून निघालेली भाजी पहाटे पुण्यात पोचते. टेम्पोतून क्रेट उतरवणारा एक, हातगाडीवर ओढणारा दुसरा, पथारीवर विकणारी तिसरी आणि बाजार उठल्यावर पाला-कचरा उचलणारी चौथी. या चौघांच्या कष्टाशिवाय मंडई एक दिवसही चालणार नाही. पण यातल्या एकालाही महिन्याचा पगार नाही, हजेरीपत्रक नाही, आणि 'माझा मालक अमुक' असं सांगता येत नाही.

अशा कामगारांना असंघटित कामगार म्हणतात. देशातल्या दर १० कामगारांपैकी सुमारे ९ जण असेच काम करतात. शेतमजूर, ऊसतोड कामगार, गवंडी, घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, फेरीवाले हे सगळे त्यात आले. गावातून पुण्या-मुंबईला कामाला गेलेली बरीचशी माणसंही यातलीच.

युनियन म्हटलं की डोळ्यासमोर कारखान्याचं गेट येतं. मंडईला गेट नाही. तरीही हमालांची देशभर नाव झालेली संघटना पुण्याच्या याच बाजारातून उभी राहिली. ते कसं घडलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

मंडई आणि बाजार

शुक्रवार पेठेतली महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये सुरू झाली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ती 'रे मार्केट' होती. या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं म्हणत जोतीराव फुले यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. पुढे त्यांचंच नाव मंडईला दिलं गेलं.

फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. भारतातल्या कामगार चळवळीची सुरुवात तिथून मानली जाते. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती याच चळवळीमुळे. पण गिरणीत हजारो कामगार एका छपराखाली आणि एका मालकाकडे होते. बाजारातल्या हमालाची गोष्ट वेगळी होती.

पुण्याचा घाऊक बाजार पूर्वी मंडई, भवानी पेठ, नाना पेठ या भागात पसरलेला होता. पुढे तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि मंडईत मुख्यतः किरकोळ विक्री राहिली. मात्र हमालांच्या संघटनेची सुरुवात जुन्या पेठांमधूनच झाली.

संघटना बांधताना काय आडवं येतं?

१. मालक एक नाही. हमाल सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा ट्रक भरतो. मजुरी नगावर किंवा पोत्यावर. तो आजारी पडला, त्याची पाठ गेली, तर खर्च कोणी द्यायचा? प्रत्येक व्यापारी म्हणतो, 'हा माझा माणूस नाही.'

२. हातावर पोट. कारखान्यातला कामगार संपावर गेला तर काही दिवस तग धरतो. हमालाच्या घरी मात्र आजचं काम बुडालं तर आजच अडचण होते. शिवाय त्याच्या जागी यायला दुसरा नडलेला माणूस तयारच असतो.

३. टोळ्या. एका गावाची, एका भावकीची टोळी आणि तिचा मुकादम, अशी कामाची पद्धत. टोळीमुळे नव्या माणसाला आसरा मिळतो, पण टोळी-टोळीत चढाओढ लागते. तुझा दर जास्त, तर मी कमी दरात करतो.

४. ये-जा. पेरणीला गाव, सुगीनंतर शहर. सभासद सहा महिने दिसतच नाही. वर्गणी कोणाकडून आणि कशी गोळा करायची?

५. बायकांची मोजदाद नाही. सांडलेलं धान्य गोळा करणं, निवडणं, झाडलोट ही कामं 'किरकोळ' धरली जातात. सभा संध्याकाळी ठेवली, तर त्या वेळी बाईच्या डोक्यावर घरचा स्वयंपाक असतो.

६. कागद नाही. काम केल्याची पावती नाही, म्हणून हक्क मागायला पुरावाही नाही.

सगळ्यात मोठी अडचण पहिलीच. मागणी करायची तर ती कोणाकडे? अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही कष्टकरी स्त्रियांची संघटना नोंदवायला घेतली, तेव्हा सरकारी खात्याने हाच मुद्दा काढला. मालकच नाही, मग युनियन कोणाविरुद्ध? उत्तर असं दिलं गेलं की युनियन ही कोणाविरुद्धच असावी लागते असं नाही, ती कामगारांच्या एकजुटीसाठीही असते. अखेर सेवाची नोंदणी झाली.

हमाल पंचायत

डॉ. बाबा आढाव यांचं नाव गावाकडच्या जुन्या लोकांना 'एक गाव एक पाणवठा' चळवळीमुळे माहीत आहे. त्याआधी ते नाना पेठेत दवाखाना चालवत. तिथे पाठीच्या, मानेच्या, छातीच्या दुखण्याने हैराण झालेले हमाल यायचे. दुखण्याचं मूळ पाठीवरच्या ओझ्यात होतं आणि औषधाने ते हटणार नव्हतं. १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी राहिली.

पंचायतीच्या मागण्या साध्या होत्या. हमालीचा दर ठरलेला असावा. तो प्रत्येक हमालाशी वेगळा न ठरता सगळ्यांसाठी एकदम ठरावा. पोत्याचं वजन कमी व्हावं. त्या काळी क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेणं नेहमीचं होतं. ते ५० किलोवर आणावं, यासाठी हमालांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या.

दर एकत्र ठरला की टोळी-टोळीतली चढाओढ संपते. 'कमी दरात करतो' म्हणायला जागाच उरत नाही.

दुसरं असं, की पंचायत फक्त मोर्चे काढत राहिली नाही. पतसंस्था, घरं, औषधोपचार आणि स्वस्तात पोटभर जेवण देणारं 'कष्टाची भाकर' हे उपक्रम तिने चालवले. सावकाराच्या कर्जात अडकलेला हमाल संपाला उभा राहू शकत नाही. त्याचं कर्ज आणि जेवण सुटलं की तो सभेला येतो.

माथाडी कायदा : मालकाच्या जागी मंडळ

दर ठरला, पण फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस हे प्रश्न उरले. त्यासाठी कायदा लागणार होता. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना एकत्र आणलं, पुण्यात हमाल पंचायतीने जोर लावला. त्यातून 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९' आला. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी.

या कायद्याने 'मालक कोण?' हा वाद बाजूला ठेवला आणि मधे एक मंडळ उभं केलं. मंडळात कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी असतात. काम असं चालतं :

• व्यापारी किंवा कंपनी मालक म्हणून मंडळात नोंद करते. हमालही नोंद करतो.

• मजुरी हमालाच्या हातात न देता मालक ती मंडळात भरतो. सोबत मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम भरतो. तिला लेव्ही म्हणतात.

• मंडळ मजुरी कामगाराच्या खात्यात जमा करतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार हे लाभ दिले जातात.

समजण्यापुरता हिशोब पाहू. एका हमालाने महिन्यात पाच गाळ्यांवर मिळून १०,००० रुपयांचं काम केलं आणि लेव्ही ३० टक्के धरली, तर पाचही मालकांकडून मजुरीवर आणखी ३,००० रुपये मंडळात येतात. कोणत्या मालकाकडे किती दिवस काम केलं, हा प्रश्नच राहत नाही. प्रत्यक्षातले टक्के मंडळ ठरवतं, ते सगळीकडे सारखे नसतात.

मंडईच्या वाटेवरचे बाकीचे

पथारीवाले : पथारीवर बसणाऱ्याला मालक नसतो. त्याचा झगडा जागेचा असतो आणि तो महापालिकेशी असतो. पुण्यात पथारी व्यावसायिक पंचायत त्यासाठी काम करते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांचं सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि शहर पथविक्रेता समिती बंधनकारक केली. समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. नगरपरिषद, नगरपंचायत असलेल्या तालुक्याच्या गावांनाही हा कायदा लागू आहे.

कचरा वेचणाऱ्या : १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली. बहुतेक सभासद स्त्रिया. आधी ओळखपत्र मिळवलं. ओळखपत्र नसलं की कचरा वेचणारीकडे चोर म्हणून बघितलं जातं. पुढे याच स्त्रियांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. प्रत्येक घर महिन्याला ठरावीक शुल्क देतं. एकाने पगार देण्याऐवजी अनेकांनी थोडं थोडं द्यायचं, हे तत्त्व लेव्हीसारखंच.

घरकामगार : १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना झाली. २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. पण त्यात माथाडीसारखी लेव्ही घरमालकाकडून वसूल होत नाही. म्हणून नोंदणी होते, पण हातात फार पडत नाही, अशी कामगारांची तक्रार असते.

आज अडतंय कुठे?

माथाडी कायद्याची ताकद नोंदणीत आहे, आणि नोंदणीच टाळली जाते. माल बाजार समितीच्या बाहेर परस्पर उतरला की लेव्ही भरायला कोणी नसतं. जे काम पूर्वी टोळी करायची, ते ठेकेदाराच्या माणसांकडून किंवा यंत्राने होतं.

दुसरा प्रश्न नावाच्या गैरवापराचा. पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात 'माथाडी'च्या नावाखाली खंडणी मागितल्याचे गुन्हे दाखल झाले आहेत. खंडणीखोरांनी एकही पोतं उचललेलं नसतं, पण बदनामी खऱ्या हमालाची होते. २०२३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा माथाडी संघटनांनी विरोध केला. बोगस लोकांना आवरा, पण त्या नावाखाली कायदाच लंगडा करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिसरा प्रश्न नव्या पिढीचा. हमालाचा मुलगा आज पाठीवर बॅग घेऊन मोबाईल ॲपवरून डिलिव्हरी करतो. कंपनी त्याला 'पार्टनर' म्हणते, कामगार म्हणत नाही. म्हणजे 'हा माझा माणूस नाही' हे जुनंच उत्तर. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. त्यात मंडळ, नोंदणी आणि कंपनीकडून दर व्यवहारामागे रक्कम, अशी रचना आहे. ही वाट महाराष्ट्रातल्या हमालांनी १९६९ मध्येच दाखवली होती.

गावातून कामाला जाणाऱ्यांनी काय पाहावं?

• बाजारात हमालीचं काम असेल तर माथाडी मंडळात आपली नोंद आहे का, हे विचारावं. मुकादमाच्या वहीतलं नाव म्हणजे मंडळातली नोंद नव्हे. मजुरी रोख मिळत असेल आणि खात्यात काहीच जमा होत नसेल, तर लाभही जमा होत नाहीत.

• ई-श्रम नोंदणी मोफत आहे. वय १६ ते ५९, आधार आणि बँक खातं लागतं. पण हे कार्ड म्हणजे युनियन नव्हे. ते फक्त सरकारकडची नोंद आहे, दर वाढवून देत नाही.

• बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलं असेल आणि वय १८ ते ६० असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. दलालाला पैसे देऊ नयेत.

• युनियनच्या नोंदणीचा अर्ज किमान ७ सभासदांना करता येतो. शिवाय त्या धंद्यातले किंवा आस्थापनेतले किमान १० टक्के किंवा १०० कामगार, यातली जी संख्या कमी ती, सभासद असावी लागते. वर्गणीची पावती, वार्षिक हिशोब आणि निवडणूक नसेल, तर त्या संघटनेत जाण्याआधी दोनदा विचार करावा.

• शेतकऱ्यांनी पट्टी नीट वाचावी. हमाली, तोलाई किती कापली आणि बाजार समितीचा ठरलेला दर काय, हे ताडून बघावं. दरापेक्षा जास्त कापलेला पैसा हमालाला मिळतोच असं नाही. लेव्ही भरणं ही नोंदीत मालकाची जबाबदारी आहे.

मंडईचा अनुभव एवढंच सांगतो की एक मालक नसला तरी संघटना होते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : सगळ्यांसाठी एकच दर, प्रत्येकाच्या नावाची नोंद आणि ज्यांना कष्टाचा फायदा होतो त्यांच्याकडून वसूल होणारा पैसा. पहिली गोष्ट कामगारांच्या एकजुटीने मिळते. उरलेल्या दोन कायद्याने मिळतात, पण कायदा पाळला जातोय का, हे बघायला पुन्हा एकजूटच लागते.