मांडवी : जकातीचे एक नाव आणि किनाऱ्यावरील अधिकारांची वाटणी

रत्नदुर्ग आणि भाट्याची खाडी यांच्या दरम्यान काळ्या वाळूचा जो किनारा आहे, त्यास रत्नागिरीत मांडवी म्हणतात. मुंबईच्या जुन्या गोदीलगत मांडवी आहे आणि कच्छच्या किनाऱ्यावरही मांडवी आहे. बंदरांना वारंवार हेच नाव मिळावे हा योगायोग नव्हे. संस्कृत ‘मण्डपिका’ या शब्दातील ‘प’चा ‘व’ होऊन ‘मांडवी’ सिद्ध होते. ‘मण्डप’ शब्दाचा ‘मांडव’ होतो तो याच नियमाने. शिलालेखांतील ‘शुल्कमण्डपिका’ म्हणजे माल थांबवून शुल्क घेण्याचे ठाणे होय. ‘मंडई’ आणि हिंदीतील ‘मंडी’ यांची व्युत्पत्तीही याच शब्दाकडे नेली जाते. गोव्यातील नदीच्या नावाविषयी मात्र मतभेदास जागा आहे. रत्नागिरीपुरते पाहता, जकातदाराचा मांडव केव्हाच गेला, पण नाव राहिले. आणि एका मांडवाखाली जे अधिकार एकत्र नांदत असावेत असे हे नाव सुचविते, ते पुढे कोणकोणत्या खात्यांत विभागले गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कोकणातील बंदरशुल्काचा पुरावा प्राचीन आहे. शिलाहार रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटात (शके ९३०, इ. स. १००८) परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण घ्यावा असे सांगितले आहे. त्याच गावी सापडलेल्या अनंतदेवाच्या १०९४ च्या ताम्रपटात दोघा अमात्यबंधूंच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत शुल्कमाफी दिलेली आहे. शुल्क घेणे आणि सोडणे हा राजसत्तेचा अधिकार होता. तो बजावणारे हात मात्र निराळे असू शकत. कौटिल्याने शुल्काध्यक्ष, नावध्यक्ष आणि अंतपाल असे तीन अधिकारी वेगवेगळे मानले. चाचेगिरी करणाऱ्या नौका नष्ट करण्याचे काम नावध्यक्षाकडे होते. अंतपाल सीमेवर वाटेचा कर घेई, आणि त्याच्या हद्दीत व्यापाऱ्याचे जे हरवे वा चोरीस जाई त्याची भरपाईही त्यालाच करावी लागे. अधिकारांची विभागणी ही इंग्रजांनी आणलेली नवलाई होती, असे समजण्याचे कारण नाही. अंतपालाच्या बाबतीत वसुली आणि उत्तरदायित्व एकाच माणसावर होते, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढील इतिहासात हीच गाठ सुटत गेलेली दिसते.

१८१८ मध्ये हा मुलूख कंपनीकडे आला आणि १८२२ मध्ये दक्षिण कोकणचे मुख्य ठिकाण बाणकोटहून रत्नागिरीस आले. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांनी जिल्ह्याचा कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट एकच ठेवला; सारावसुली आणि पोलिसांवरील देखरेख एकाच खुर्चीत राहिली. पुढे ही खुर्ची दुभंगत गेली. १८७८ च्या सागरी जकात कायद्याने बंदरातील मालाची तपासणी ही स्वतंत्र विद्या बनली, आणि मुंबई इलाख्यातील लहान बंदरांत ती बहुधा मीठखात्याच्या नोकरांकडे गेली. १८९० या एकाच वर्षी मुंबई इलाख्याचा मीठ कायदा आणि जिल्हा पोलीस कायदा असे दोन कायदे झाले. किनाऱ्यावर हिंडणारे मीठखात्याचे शिपाई आणि पोलीस शिपाई हे सामान्य माणसाला सारखेच सरकारी. पण एकाचे लक्ष मालावर, तर दुसऱ्याचे माणसावर.

माल आणि माणूस हा भेद गोव्याच्या दारूने चांगला उघड केला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेव्हा गोव्याहून चोरून आणलेली बाटली हा परदेशी माल म्हणून जकातीचा गुन्हा होई, आणि दारू म्हणून दारूबंदीचाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि यथावकाश जकातीची सीमा पुसली गेली. बाटली तीच, वाट तीच. पण जकात अधिकाऱ्याचा तिच्यावरचा हक्क संपला आणि दुसऱ्या खात्याचा तेवढा उरला.

याहून महत्त्वाचा प्रश्न न्यायालयांपुढे आला, आणि तो एका शब्दाच्या अर्थाचा होता. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तो निर्बंध कायम ठेवला आहे. मग झडती घेणारा, माल जप्त करणारा, माणसाला अटकही करू शकणारा जकात अधिकारी ‘पोलीस अधिकारी’ आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बरकत राम प्रकरणी नाही असे उत्तर दिले : जकात अधिकाऱ्याचे मुख्य काम महसुलाचे रक्षण, गुन्ह्यांचा शोध हे नव्हे. परंतु १९६३ मध्ये राजाराम जैस्वाल प्रकरणी बिहारच्या अबकारी कायद्याखालील अधिकारी मात्र पोलीस अधिकारी ठरला, कारण त्याला ठाणे अंमलदाराचे तपासाचे अधिकार दिलेले होते. अमली पदार्थविषयक कायद्याखालील अधिकाऱ्यांबाबत तोफान सिंग प्रकरणी २०२० मध्ये बहुमताने असाच निर्णय झाला. म्हणजे गणवेश, हुद्दा किंवा खात्याचे नाव यांवरून शब्दाचा अर्थ ठरत नाही. तो हाती दिलेल्या अधिकारांवरून ठरतो. पकडलेल्या तांडेलाच्या दृष्टीने हा कोशातला वाद नव्हता. १९६२ च्या जकात कायद्याच्या १०८ व्या कलमाखाली दिलेला त्याचा जबाब त्याच्याविरुद्ध वाचला जाई. तोच मजकूर पोलीस ठाण्यात सांगितला असता तर कबुली म्हणून वाचला गेला नसता.

जमिनीवर हद्दीचा दगड रोवता येतो. समुद्रावर तो कायद्याच्या शब्दांनीच रोवावा लागतो. भारताचा प्रादेशिक समुद्र १९५६ मध्ये ६ सागरी मैलांचा झाला, १९६७ मध्ये १२ मैलांचा. १९७६ च्या कायद्याने त्यापुढे २४ मैलांचा संलग्न पट्टा आणि २०० मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र आखले. सोन्याच्या चोरट्या व्यापाराने गांजलेल्या त्या दशकात रुस्तुमजी समितीच्या शिफारशीवरून तटरक्षक दल उभे राहिले. १९७७ मध्ये त्याची हंगामी सुरुवात झाली आणि १९७८ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याने दलाकडे जकात खात्याला साह्य करण्याचे काम दिले, जकात खात्याचे काम दिले नाही. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याने मत्स्यव्यवसाय खाते किनाऱ्यावर आणखी एक पहारेकरी झाले. येथे हद्द मैलांत नव्हे तर खोलीत मोजलेली आढळते : ठराविक भागांत ५ किंवा १० वाव पाण्याच्या आत यांत्रिक नौकांना ट्रॉल जाळे ओढण्यास मनाई झाली. वाव हे कोळ्यांचे स्वतःचे माप. सरकारी हद्द त्यांच्या भाषेत उतरल्याचे असे उदाहरण विरळाच.

या वाटणीत फट कोठे राहते ते १९९३ मध्ये दिसले. मांडवीच्या उत्तरेस, रायगड जिल्ह्यातील शेखाडी येथे स्फोटके उतरली, आणि त्यांचा मुंबईत १२ मार्च रोजी वापर झाला. त्या खटल्यात शिक्षा झालेल्यांत जकात खात्याचे आणि पोलीस खात्याचे, अशा दोन्हीकडचे अधिकारी होते. खात्यांची संख्या हे आपोआप एकमेकांवरील अंकुशाचे साधन होते, ही समजूत त्यामुळे टिकली नाही. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल, जकात आणि राज्य पोलीस यांची संयुक्त गस्त ‘स्वान’ या नावाने सुरू झाली. २००५ पासूनच्या किनारी सुरक्षा योजनेतून सागरी पोलीस ठाणी उभी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यात पूर्णगड आणि दाभोळ ही त्यांपैकीच. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, एकंदर सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे, तर प्रादेशिक समुद्राची तटरक्षक दलाकडे सोपविण्यात आली, आणि किनाऱ्यालगतची गस्त सागरी पोलिसांकडे राहिली. प्रत्येक आपत्तीनंतर जुनी हद्द मोडून नवी आखण्याऐवजी तिच्यावर आणखी एक हद्द चढविली गेली, असेच या क्रमावरून म्हणावे लागते.

मांडवीशेजारच्या मिरकरवाडा बंदरातून निघणारी नौका आज मासळीच्या बाबतीत मत्स्यव्यवसाय खात्याची, मालाच्या बाबतीत जकातीची, बंदरात मेरीटाइम बोर्डाची, आणि खलाशाने खलाशास मारले तर पोलिसांची असते. मासेमारीच्या गुन्ह्यांचा निवाडा मात्र १९८१ च्या कायद्याने तहसीलदाराकडे ठेवला होता. कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट यांच्या १८२७ मधील एकत्रित खुर्चीचा तो एक धागा समुद्रापर्यंत पोहोचलेला होता. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकारही मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेला.