न्यूग्रेंजचा झरोका



आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिथून उत्तरेस सुमारे 50 किलोमीटरवर बॉइन नावाची नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणातल्या कुरणांमध्ये एका उंचवट्यावर गवताने झाकलेला एक प्रचंड ढिगारा आहे. त्याचे नाव न्यूग्रेंज. लांबून पाहणाऱ्याला ते एखादे बुटके टेकाडच वाटावे. पण हे टेकाड निसर्गाने केलेले नाही, माणसांनी रचलेले आहे. आणि तेही इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमारास! म्हणजे आज त्याला 5000 वर्षे उलटून गेली. इजिप्तचा थोरला पिरॅमिड त्यानंतर 500–600 वर्षांनी उभा राहिला. इतके जुने काम करणारे हे लोक कोण होते? मोठी नगरे, लिपी, यांपैकी त्यांच्याकडे काहीच नव्हते. धातू त्यांना ठाऊक नव्हता, चाकाची गाडी नव्हती. ते शेतकरी होते. धान्य पेरावे, गुरे पाळावी आणि दगडाच्या हत्यारांनी कामे करावी, असा त्यांचा संसार.

आज तिथे जाणाऱ्या प्रवाशाला थेट ढिगाऱ्यापाशी जाता येत नाही. नदीच्या दक्षिण तीरावर माहिती केंद्र आहे. तिथून पुलावरून नदी ओलांडायची, मग छोट्या बसने टेकाडापाशी जायचे आणि वाटाड्याबरोबर थोड्याथोड्या लोकांच्या टोळीने आत शिरायचे, असा शिरस्ता आहे. आतली जागा अरुंद, दगड जुने. एकदम गर्दी लोटली तर त्यांचे काही खरे नाही, म्हणून ही व्यवस्था.

ढिगाऱ्याचा व्यास सुमारे 85 मीटर आणि उंची 12–13 मीटर. म्हणजे एकराहून अधिक जमीन त्याने व्यापली आहे. त्याच्या पायथ्याभोवती 97 मोठमोठ्या शिळांचे कडे आहे. तोंडाशी जी शिळा आडवी पडली आहे, तिच्यावर गोल गोल फिरणारी वेटोळी कोरली आहेत. ही सगळी नक्षी दगडाने दगडावर ठोकून काढलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आपला हात नकळत कपाळाकडे जातो.

दारातून आत गेले की दगडी बोळकांडी लागते. ती 19 मीटर लांब. दोन्ही बाजूंना उभ्या शिळा, वर आडव्या शिळा. काही ठिकाणी अंग चोरून, वाकून जावे लागते. बोळकांडीच्या शेवटी एक दालन येते आणि त्याला तिन्ही बाजूंना तीन कोनाडे आहेत. दालनाचे छत सुमारे 6 मीटर उंच. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाचा एक थर, त्यावर किंचित आत सरकवलेला दुसरा थर, असे करीत करीत वर शेवटी एका शिळेने तोंड मिटवले आहे. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांची छतेही याच युक्तीने तोलली जातात. पावसाचे पाणी निथळून जावे म्हणून छताच्या शिळांवर वरच्या अंगाने पन्हळी कोरल्या आहेत आणि फटी जळक्या मातीने व वाळूने बुजवल्या आहेत. आयर्लंड हा बारमाही पावसाचा देश. तरी 5000 वर्षांत ते छत गळले नाही. त्या जळक्या मातीतल्या कोळशावरूनच शास्त्रज्ञांनी बांधकामाचा काळ ठरवला.

हे दालन म्हणजे थडगे. उत्खननात तिथे निदान पाच माणसांच्या अस्थी मिळाल्या, काही जळलेल्या, काही न जळलेल्या. एवढा डोंगर रचला आणि आत मोजकीच माणसे! तेव्हा हे नुसते पुरण्याचे ठिकाण नसावे, देवस्थानासारखेही काहीतरी असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता या जागेची खरी गोष्ट सांगतो.

हजारो वर्षे हे दार ढासळलेल्या दगडमातीखाली झाकलेले होते. 1699 साली तिथल्या चार्ल्स कॅम्बेल नावाच्या जमीनमालकाला दगडांची गरज पडली. टेकाडावर गवत दिसते, पण आत सारा दगडच आहे, हे त्याच्या लक्षात आले. त्याने गडी लावून दगड काढायला सुरुवात केली, आणि काढता काढता बोळकांडीचे तोंड उघडे पडले. म्हणजे ज्या हातांना ही वास्तू सापडली, तेच हात ती उपसून नेत होते! पुढे पाहुणे येऊ लागले आणि त्यांतल्या काहींनी आतल्या शिळांवर आपापली नावेही कोरून ठेवली. ही हौस काही आपल्याकडच्या लेण्यांपुरतीच आहे असे नाही. 1882 साली कायद्याने या जागेला संरक्षण मिळाले.

1962 साली कॉर्कच्या विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी इथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले. ते 1975 पर्यंत चालले. दाराच्या वर त्यांना दगडांनी बांधलेला एक झरोका सापडला. दार असताना त्यावर पुन्हा झरोका कशाला? माणूस त्यातून जाऊ शकत नाही, आणि धूर जाण्यासाठी म्हणावे तर चूल दिसत नाही. तर्क चालेना.

याच सुमारास येणारे-जाणारे लोक त्यांना एक जुनी समजूत सांगत. वर्षातल्या एका दिवशी उगवत्या सूर्याचे किरण आत जातात आणि आतल्या शिळेवर कोरलेली तीन वेटोळी उजळतात, अशी ती समजूत. इंग्लंडमध्ये स्टोनहेंज नावाचे प्राचीन शिळावर्तुळ आहे. ऐन उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सूर्योदय पाहायला लोक तिथे जमतात. तिथली गोष्ट लोकांनी इथे चिकटवली असावी, असे प्राध्यापकांना वाटले. उन्हाळ्यातला सूर्य ईशान्येकडे उगवतो आणि न्यूग्रेंजचे दार आहे आग्नेयेकडे. तेव्हा ती गोष्ट जुळणे शक्यच नव्हते.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. ओकेली मात्र थांबले नाहीत. उन्हाळ्यातला सूर्य नाही, मग आग्नेयेला सूर्य कधी उगवतो? ऐन हिवाळ्यात. म्हणून 21 डिसेंबर 1967 रोजी, उजाडण्यापूर्वी, ते त्या अंधाऱ्या दालनात जाऊन थांबले. सूर्य समोरच्या डोंगरावर आला आणि झरोक्यातून उजेडाची एक बारीक रेघ बोळकांडीतून सरकत आत आली. ती रुंदावली आणि दालन इतके उजळले की कोनाडे आणि छतही दिसू लागले. सुमारे 17 मिनिटांनी पुन्हा अंधार झाला. बोळकांडीची जमीन आत जाताना चढत जाते आणि दालनाची जमीन झरोक्याच्या पातळीला येते. म्हणून दारातून येणारा उजेड वाटेतच अडतो आणि झरोक्यातला तेवढा आत पोचतो. झरोका उगाच नव्हता!

तो दिवस म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस. आयर्लंड उत्तरेला फार दूर असल्याने तिथे त्या वेळी दिवस अवघा साडेसात तासांचा असतो. उद्यापासून दिवस वाढणार, पेरणीचे दिवस पुन्हा येणार, ही खूण शेतकऱ्याला केवढी मोलाची! आपण संक्रांत जानेवारीच्या मध्याला करतो, परंतु सूर्य प्रत्यक्षात 21–22 डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो. तो क्षण त्या लोकांनी दगडात पकडून ठेवला, आणि तोही आपल्या मृतांच्या घरात.

आजही 21 डिसेंबरच्या मागचेपुढचे दिवस धरून मोजक्या लोकांना ते दृश्य आत बसून पाहता येते. अर्ज हजारोंनी येतात, म्हणून चिठ्ठ्या टाकून नावे काढतात. त्या दिवशी आभाळ आले तर नशीब! एरवी येणाऱ्या प्रवाशांसाठी वाटाड्या दिवे मालवतो आणि विजेच्या दिव्याने तो किरण दाखवतो. आणखी एक गोष्ट प्रवाशाने ध्यानात ठेवावी. दर्शनी बाजूला गारगोटीची जी पांढरीशुभ्र भिंत दिसते, ती उत्खननानंतर 1970 च्या दशकात काँक्रीटच्या आधाराने उभारलेली आहे. गारगोट्या जुन्या, पण भिंत मूळची अशीच होती का, यावर पंडितांत वाद आहे. 1993 साली हा सारा परिसर जागतिक वारसा ठरला.

आता म्हणाल, एवढ्या दूरच्या थडग्याचे आम्हांला काय? मंडळी, आपल्या विदर्भातही मृतांसाठी रचलेली शिळावर्तुळे आहेत. नागपूरजवळ जुनापाणी येथे अशी सुमारे 300 वर्तुळे आहेत. माहुरझरी येथे माणसांबरोबर घोड्यांचे अवशेष आणि घोड्यांना चढवलेले तांब्याचे अलंकार मिळाले. ही स्थळे न्यूग्रेंजपेक्षा 2000 वर्षांहून अधिक अलीकडची, लोखंड वापरणाऱ्या लोकांची आहेत. त्यांत बोळकांडी नाही, झरोका नाही. पण वरून पाहिले तर ते नुसते दगडच. आणि बांधाला, पायाला किंवा रस्त्याला दगड हवा असला की पहिली नजर त्यांच्यावरच जाते. कॅम्बेलच्या गड्यांचीही तशीच गेली होती.

शिक्षकबंधूंना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. शिवारात असे दगड असतील तर मुलांना तिथे न्यावे, मोजमाप घ्यावे, नकाशा काढावा, पण दगड हलवू नये. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे, या जागेला काय म्हणतात, तिथे कोणत्या दिवशी नारळ फोडतात. ते सांगतील ते सारेच खरे असेल असे नाही. परंतु खोटे म्हणून उडवून देण्याआधी ते वहीत उतरवून घ्यावे, आणि योग्य त्या दिवशी, पहाटे उठून, स्वतः जाऊन पाहावे. ओकेलींनी याहून वेगळे काही केले नव्हते.