खाऱ्या पट्ट्यात मॉडेल काय मोजतं?

मागच्या वेळी आपण पूर्णेच्या गाळाविषयी बोललो. आज तिच्याच खोऱ्यातल्या पाण्याच्या हिशेबाविषयी बोलू.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागात कुणालाही विचारा, विहिरीला पाणी आहे का? उत्तर येतं, "पाणी हाय, पण खारं हाय." आपलं आजचं सगळं व्याख्यान या 'पण'भोवती आहे.

पाण्याची गुणवत्ता गणितानं आधीच सांगण्याची सुरुवात जुनी आहे. 1925 मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करून, सांडपाणी मिसळल्यावर पाण्यातला प्राणवायू कसा घटतो, याचं समीकरण मांडलं. 1965 मध्ये विशमायर आणि स्मिथ यांचं मातीच्या धुपेचं सूत्र पुस्तकरूपानं आलं. त्यामागं 10,000 हून अधिक प्लॉट-वर्षांची मोजणी होती, हे ध्यानात ठेवा. 1960 च्या दशकात स्टॅनफर्डचं पाणलोट मॉडेल संगणकावर चाललं. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याकडून 'स्वॅट' हे मॉडेल आलं. तलावात येणारा गाळ आणि खत कोणत्या शेतातून येतं, हा त्यांचा प्रश्न होता.

आपला प्रश्न थोडा उलटा आहे. आपल्याकडं मीठ वरून वाहून येत नाही, ते पायाखालच्या भूजलातच आहे. बोअरचं खारं पाणी काळ्या जमिनीला दिलं, की सोडियममुळं माती फुगते, तिची छिद्रं बुजतात आणि पाणी मुरेनासं होतं.

2018 पासून राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला 'पोकरा', सुरू झाला. पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची गावंही त्यात होती. आयआयटी मुंबईनं त्यासाठी पाण्याच्या ताळेबंदाचं मॉडेल तयार केलं. पाऊस, माती, उतार, पीक ही माहिती घालायची. किती पाणी वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती मुरलं, पिकाला किती कमी पडलं, ते बाहेर येतं.

आता खरी गोम बघा. इतर गावात मुरलेलं पाणी म्हणजे बँकेतली ठेव. आमच्या मते खारपाणपट्ट्यात तसं सरळ म्हणता येत नाही. गोडं पाणी खाली जाऊन खाऱ्यात मिसळलं, तर आकडा 'जमा' दाखवतो आणि शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. इथं वाहून जाणाऱ्या पाण्याचा आकडा महत्त्वाचा, कारण तेच शेततळ्यात अडवता येतं. मॉडेल चुकत नाही, वाचणारा चुकतो.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. अकोला जिल्ह्यातल्या कितीतरी खाऱ्या गावांची तहान वान धरण भागवतं. त्याचं पाणलोट मेळघाटच्या जंगलात आहे. वाद होतो तो धरणातलं पाणी शेतीला किती आणि पिण्याला किती, याचा. ते पाणी स्वच्छ कशामुळं राहतं, हे फारसं कुणी विचारत नाही. वरचं जंगल विरळ झालं, तर गाळ खाली येणारच. तो किती येईल, हे मॉडेल सांगू शकेल. पण त्यासाठी दर पावसाळ्यात धरणात येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा आणि क्षार मोजून लिहून ठेवावे लागतील.

संगणक आज स्वस्त झालाय, मोजणी नाही. म्हणून आमचं सांगणं एवढंच: गावाच्या ताळेबंदात 'पाणी किती' या रकान्याशेजारी 'पाणी कसं' हा रकाना हवा. तो भरायला गावातलीच माणसं लागतील.

आता तुमचे प्रश्न घेऊ.