प्रतिपिंडांचा उपचार: आधी तपासणी, मग सलाईन

वारंवार न्यूमोनिया होणे, कान सतत फुटणे, प्रतिजैविके थांबवताच संसर्ग पुन्हा उलटणे, ही प्रतिपिंडांच्या जन्मजात कमतरतेची लक्षणे असू शकतात. 1952 मध्ये अमेरिकेतील लष्करी बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांनी अशाच एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन आढळत नसल्याचे दाखवले आणि बाहेरून ते देऊन त्याचे संसर्ग आटोक्यात आणले. आजही या विकारात इम्युनोग्लोब्युलिन शिरेवाटे किंवा त्वचेखाली दिले जाते.

हे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते. त्यात प्रामुख्याने 'आयजीजी' प्रकारची प्रतिपिंडे असतात. ती एकदा शरीरात गेली की रुग्णाची स्वतःची कोणती आणि दात्यांची कोणती, हे नेहमीच्या तपासणीत ओळखता येत नाही. आयजीजीचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्यामुळे ही सरमिसळ काही महिने टिकते.

म्हणूनच पहिल्या मात्रेपूर्वी आयजीजी, आयजीए व आयजीएम यांचे प्रमाण मोजले जाते. अहवाल वयानुसार वाचावा लागतो, कारण नवजात अर्भकातील बहुतेक आयजीजी आईकडून आलेले असते.

केवळ प्रमाण पुरेसे नाही. एकूण आयजीजी जवळजवळ योग्य असूनही विशिष्ट जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार न होणे शक्य असते. त्यासाठी धनुर्वात व न्यूमोकोकसची लस देण्यापूर्वी आणि त्यानंतर साधारण चार आठवड्यांनी रक्त तपासून प्रतिसाद पडताळला जातो. न्यूमोकोकसच्या शर्करायुक्त लसीला दोन वर्षांखालील निरोगी मुलेही नीट प्रतिसाद देत नाहीत, हे ध्यानात ठेवावे लागते.

विषाणूंच्या चाचण्यांबाबतही हीच दक्षता हवी. दात्यांच्या प्रतिपिंडांमुळे रुग्णाला पूर्वी कावीळ 'ब'चा संसर्ग होऊन गेल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. उपचारानंतर प्रत्यक्ष विषाणूचा शोध घेणारी पीसीआर चाचणी अधिक विश्वसनीय ठरते.

रुग्ण अत्यवस्थ असल्यास लसीच्या चाचणीसाठी उपचार लांबवणे योग्य नाही. मात्र सलाईन लावण्यापूर्वी रक्ताचा नमुना काढून ठेवण्यास काही मिनिटेच लागतात. हा उपचार अनेकदा आयुष्यभर चालणारा आणि खर्चिक असतो. त्याची खरोखर गरज आहे का, याचा पुरावा त्या पहिल्या नमुन्यातच असतो. तो निसटल्यास पुढे निदानासाठी उपचार काही महिने थांबवण्याची वेळ येऊ शकते आणि त्या काळात संसर्गाचा धोका रुग्णालाच पत्करावा लागतो.