तारापूर, ट्रॉम्बे आणि शस्त्रनिरीक्षणाची मर्यादा

असहकार करणाऱ्या राजवटीपुढे आंतरराष्ट्रीय शस्त्रनिरीक्षण निष्फळ ठरते, असे एक मत आहे. निरीक्षकांच्या नुसत्या उपस्थितीनेही धाक बसतो, असे दुसरे. ही दोन्ही मते महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील दोन अणुकेंद्रांच्या इतिहासावर पारखून पाहण्याजोगी आहेत.

ट्रॉम्बे येथील 'सायरस' भट्टी १९५६ च्या भारत-कॅनडा करारान्वये उभारली गेली व १९६० मध्ये कार्यान्वित झाली. तिचा उपयोग शांततामय कार्यासाठीच व्हावा, असे बंधन करारात होते. परंतु ते पाळले जाते की नाही हे पाहणाऱ्या निरीक्षकाची तरतूद नव्हती. पोखरण येथे १८ मे १९७४ रोजी झालेल्या स्फोटातील प्लुटोनियम याच भट्टीतील होते. भारताने त्या स्फोटाला 'शांततामय' म्हटले. कॅनडाने तो अर्थ अमान्य करून अणुसहकार्य थांबविले. वाद एका विशेषणाच्या अर्थाचा होता आणि तो मिटविणारा मान्य पंच नव्हता.

तारापूरची स्थिती वेगळी होती. १९६३ च्या भारत-अमेरिका कराराने उभारलेल्या तेथील दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, आणि १९७१ च्या त्रिपक्षीय करारान्वये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षण त्यांना लागू झाले. पुढे अमेरिकेने इंधन नाकारले, १९९३ मध्ये मूळ करारही संपला. तरी निरीक्षण टिकले, कारण परदेशी इंधनाची गरज टिकून होती.

असहकाराची खरी कसोटी इराकमध्ये लागली. येथे तुलना राजवटींची नव्हे, कलमांची आहे. १९९१ पूर्वी घोषित केंद्रांची तपासणी नियमित होत असतानाही तेथील गुप्त कार्यक्रम निरीक्षकांच्या नजरेतून सुटला. सुरक्षा समितीच्या ६८७ व्या ठरावानंतर अघोषित स्थळीही प्रवेशाचा अधिकार मिळाला. तेव्हा अडथळे येऊनही बरीच शस्त्रे नष्ट करता आली. डिसेंबर १९९८ मध्ये निरीक्षकांना देश सोडावा लागला. २००२ च्या अखेरीस ते परतले. पण मार्च २००३ च्या युद्धाने त्यांचे काम अर्धवट राहिले. युद्धानंतरच्या शोधात संशयित साठे सापडले नाहीत. म्हणजे निरीक्षण सफल झाले होते. परंतु पूर्वीच्या लपवाछपवीमुळे त्यावर विश्वास बसला नाही.

तात्पर्य, करार जेवढे दार उघडतो तेवढेच निरीक्षकाला दिसते. नाखूष राजवटीकडून ते दार उघडवून घेण्यास व्यापक अधिकार आणि राष्ट्रांचे एकमत हवे. आणि जे दिसले ते मान्य करण्याची तयारी निरीक्षक पाठविणाऱ्यांतही हवी.