चाक-स्पेसर

मोटारगाडीचा हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची धातूची चकती. तिच्यामुळे चाक बाहेर सरकते व डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर वाढते. दोन्ही बाजूंस १० मिमी. जाडीच्या चकत्या घातल्यास ते २० मिमी.ने वाढते.

प्रकार : पातळ चकती (सु. ३ ते ५ मिमी.) हबच्या मूळ स्टडांवर (आटे असलेल्या खुंट्यांवर) नुसती सरकवतात. जाड चकती हबला नटांनी कसतात आणि चाक तिच्याच स्टडांवर बसते.

निवड : कंपनीच्या मूळ चाकांसाठी बोल्टवर्तुळाचा व्यास (पीसीडी), मध्यछिद्र व आट्यांचे माप जुळावे लागते. मारुती स्विफ्टला ४ बोल्ट व १०० मिमी. वर्तुळ, तर जिम्नीला ५ बोल्ट व १३९.७ मिमी. वर्तुळ असते. पातळ चकतीमुळे नटाला मिळणारे आटे कमी होतात. पकड किमान स्टडच्या व्यासाइतकी उरावी, अन्यथा लांब स्टड घालावेत. मध्यछिद्र हबवर घट्ट न बसल्यास चाक थरथरते.

परिणाम : बेअरिंगवरील भार वाढतो, सुकाणू जड होते, टायर मडगार्डला घासू शकतो. ठाणे जिल्ह्यातील खर्डी, उंबरमाळी, कसारा या पट्ट्यात पावसाळ्यात बाहेर आलेला टायर चिखल दारांवर उडवतो. भरलेल्या गाडीने कसारा घाट चढता-उतरताना सैल नट धोक्याचे ठरतात. म्हणून थोडे अंतर धावल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांवर निर्बंध घालते.